आई हाक मारायची ते नाव

मावशी,

काल दुपारी प्रयोग झाला. तुमच्या नावाची चिठ्ठी टोपलीत मीच टाकली. तिच्यावर काय लिहायचं हे ठरवायला मला बावीस दिवस लागले, म्हणजे तुम्ही गेल्यापासूनचे सगळे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असं मला सांगितलंय. तुमचा जन्म, लग्न, लीड्सला येणं हे सगळं तुमच्या मुलाने, संजयदादांनी, एका पानावर लिहून पाठवलंय आणि ते वेगळं छापून येणार आहे. मला ते जमलंही नसतं. मी तुम्हाला दोनच वर्षं ओळखत होते, तीही बहुतेक शनिवारची. त्यातले शेवटचे काही शनिवार आपण नीट बोलतही नव्हतो.

अंक वाचणाऱ्यांना टोपली म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून आधी ते सांगते. आपला नाटकाचा गट आफ्रिकेतून इथे आलेल्यांचा. घानाचे, केनियाचे, झिम्बाब्वेचे लोक आणि त्यांची लीड्समध्येच जन्मलेली मुलं-नातवंडं. कौन्सिलच्या हॉलमध्ये वर्षातून तीन-चार कार्यक्रम होतात. ढोल, गाणी, आणि गटातल्या कुणा वडीलधाऱ्याने सांगितलेल्या आठवणीवर बसवलेलं नाटक. सुरू होण्याआधी अंकल क्वेसी पाणी ओततात. अंकल घानाचे, गटाचे दिग्दर्शक. गेलेल्यांची नावं घेऊन जमिनीवर पाणी ओतायचं आणि मगच कामाला लागायचं, ही त्यांच्याकडची रीत. पण हॉलच्या केअरटेकरला लाकडी फरशी ओली झालेली चालत नाही, म्हणून ते पाणी एका मोठ्या कुंडीत ओततात. त्या कुंडीत रबराचं झाड आहे. ते मेलेल्यांच्या जिवावर वाढलंय, असं तुम्ही म्हणायचात.

येणारा प्रत्येक जण दारात एका चिठ्ठीवर आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहितो आणि टोपलीत टाकतो. अंकल एकेक नाव वाचतात, थोडं पाणी ओततात, आणि सगळा हॉल म्हणतो, "आशे." म्हणजे, तसंच होवो. दारात टोपली धरून उभं राहायचं काम माझं. नियम एकच. त्या माणसाची आई त्याला ज्या नावाने हाक मारायची, ते नाव लिहायचं. "पासपोर्टवरचं नको, ऑफिसातलं नको," अंकल दर वेळी सांगतात. "तिकडे त्या नावाने कुणी वळून बघत नाही."

तुमची चिठ्ठी दर वेळी एकच असायची. मंगल.

*

पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही चहाला नावं ठेवत होतात. मी हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या शिफ्टवर होते आणि माझ्या मागे कुणीतरी चक्क मराठीत पुटपुटलं, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी." मला हसू आलं.

"हसतेस काय? मराठी येतं?"

"हो."

"मग बोलायचं नाही का आधी? कुठली ग तू?"

"पुण्याची."

"पुण्यात कुठे?"

हा प्रश्न मला नको असतो. "पर्वतीच्या बाजूला," मी म्हटलं.

"वा, हवेशीर असेल. आणि आई काय करते?"

"नोकरी करते. कोथरूडला."

"बरं आहे. बाईने नोकरी करावी."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ते सगळं मिळून खोटं होतं, आणि दोन वर्षांत मी ते कधी सरळ केलं नाही. त्याच्याकडे मी शेवटी येते.

तुम्ही या गटात कशा, हे मला कळायला वेळ लागला. लीड्समधली दुसरी कुठलीही मराठी आजी दिवाळीच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत दिसते. तुम्ही मात्र साडीवरून कांगा, म्हणजे तिकडचं छापील सुती वस्त्र, गुंडाळून, केनियाच्या बायकांच्या मधोमध उभ्या राहून स्वाहिली गाणी म्हणायचात. पहिल्या दिवशी अंकल तुम्हाला म्हणाले होते, "मॅडम, इंडियन डान्सचा क्लास मंगळवारी असतो." तुम्ही त्यांना स्वाहिलीत असं काही उत्तर दिलंत की अर्धा हॉल हसला, आणि अंकलना कळलंच नाही, कारण त्यांना स्वाहिली येत नाही. काय म्हणालात ते मला कधी सांगितलं नाहीत. "घाणेरडं होतं ग," एवढंच.

"मावशी, पण तुम्ही आफ्रिकन कशा?" मी एकदा विचारलं होतं.

"जन्मल्यावर पहिली अंघोळ नैरोबीच्या पाण्याने झाली माझी. वडील रेल्वेत क्लार्क. वीस वर्षांची होईपर्यंत दुसरं गाव बघितलं नव्हतं. पुण्याला आयुष्यात चारदा गेले, चारही वेळा पोट बिघडलं. आता तूच सांग मी कुठली."

तुम्ही मला मोगो खायला लावलात. मी तो कंद हातात घेऊन बघत बसले होते, तर म्हणालात, "उपासाला साबुदाणा खातेस ना? तो ह्याचाच करतात. खा मुकाट्याने." माझ्या खोलीतलं हीटिंग बंद पडलं तेव्हा घरमालकाला फोन तुम्ही केलात. माझं प्रेझेंटेशन तुमच्या किचनमध्ये तीनदा ऐकलंत. तिन्ही वेळा मध्येच थांबवलंत. "घशातून नको बोलू, पोटातून बोल. तू माफी मागितल्यासारखी बोलतेस. कुणाची माफी मागतेस?" आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. ते तुम्ही चार लोकांत सांगायचात, आणि मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

*

गेल्या ऑक्टोबरच्या कार्यक्रमात वांबुई आँटी माझ्याबरोबर चिठ्ठ्या सरळ करत होत्या. वांबुई आँटी केनियाच्या, किकुयू जमातीच्या, तुमच्यापेक्षा थोड्या लहान. आयुष्यभर इथे नर्स होत्या, आणि नर्ससारख्याच बोलतात, सरळ. त्यांनी तुमची चिठ्ठी उचलली. तुम्ही शेजारीच उभ्या होतात. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी आठवेल तसं लिहिते.

"ही मंगल कोण? दर वेळी असते."

"माझी आया. नैरोबीत मला तिनेच वाढवलं."

"इंडियन?"

"छे. तुमच्यातलीच, किकुयू. न्येरीकडची."

वांबुई आँटींनी चिठ्ठी टोपलीत परत टाकली नाही. "मग हे तिचं नाव नाही."

"आम्ही मंगल म्हणायचो. मंगळवारी कामाला लागली म्हणून."

"तिची आई काय म्हणायची?"

तुम्ही म्हणालात, आठवत नाही. मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू, "माहीतच नाही ग."

"आणि पंधरा वर्षं आम्ही आशे म्हणतोय," वांबुई आँटी म्हणाल्या. "कुणाला म्हणतोय?"

त्या दिवशी पहिल्यांदा टोपलीत तुमची चिठ्ठी नव्हती. पुढच्याच शनिवारी तुम्ही अंकलना सांगितलंत की या वर्षीची आठवण तुम्ही देणार. इतकी वर्षं टाळली होतीत ती.

आठवण अशी होती. तुम्ही सात वर्षांच्या. ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी लावलेली, आणि बंडखोरांना सामील असल्याच्या संशयावरून नैरोबीतल्या किकुयू लोकांना सैनिक घराघरांतून गोळा करत होते. एका सकाळी ते रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आले. मंगल पोळ्या करत होती. तिने कणकेच्या हातानेच आपला पास दाखवला, आपलं नाव सांगितलं. सैनिकाने घरच्यांना विचारलं, हिचं नाव काय? तुमचे वडील म्हणाले, मंगल. पासावर दुसरंच काहीतरी होतं. सैनिकाला वाटलं, पास चोरलेला आहे. तिला ट्रकमध्ये बसवलं. ती परत आली नाही.

"वडिलांनी चौकशी केली नाही?" मी विचारलं. संवाद उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

"सरकारी नोकरी होती ग," तुम्ही म्हणालात.

नाटकाच्या शेवटी ट्रक जातो, छोटी मुलगी दारात बसून रडते, आणि तुम्ही, म्हातारी झालेली तीच मुलगी, तिच्याजवळ येऊन अंगाईगीत म्हणता, असं बसवलं होतं. तालमीला सगळे डोळे पुसायचे. मला ते सहन होत नव्हतं. मी महिनाभर गप्प बसले, आणि मग बसस्टॉपवर नको तिथे, नको तसं बोलले.

"मावशी, शेवटी तुम्ही रडता ते मला पटत नाही. ट्रकमध्ये ती गेली. आणि सगळे बघतात तुमच्याकडे."

"माझीच आठवण आहे ती. मग कुणाकडे बघणार?"

"तुम्ही लोकांनी तिला साधं नाव विचारलं नाही."

"तुम्ही लोक म्हणजे कोण ग?"

"ज्यांच्याकडे कामाला बाया असतात ते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला वाटलं असेल, युनिव्हर्सिटीत शिकून आलेलं बोलतेय. "अग, मायेने ठेवलं होतं ते नाव. आपल्यात सुनेचंही नाव बदलतात की. माझं नाही बदललं? ताटातल्या तांदळात वसुधा लिहिलं, झालं. आणि इथे शिवणाच्या फॅक्टरीत तीस वर्षं मला व्हेरा म्हणत होते. सुपरवायझरला वसुधा म्हणता येईना. मी मेले का त्याने?"

"तुम्हाला कुणी ट्रकमध्ये घातलं नाही," मी म्हटलं.

डबलडेकर बस आली. तुम्ही खाली बसलात. मी वर गेले. तुमचा स्टॉप माझ्या आधी येतो. वरून मी बघितलं, तुम्ही उतरून कांगा डोक्यावरून घेतलात आणि मागे वळून न बघता गेलात. मीही काचेवर टकटक केली नाही.

*

त्यानंतर तुम्ही पडलात, खुब्याचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलात छातीत कफ धरला. मी एका गुरुवारी आले. तुम्हाला इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं. कॉटच्या वरच्या बोर्डवर मार्करने तुमचं नाव होतं, "व्ही", आणि पुढे आडनाव चुकीचं.

तुम्ही इकडचं तिकडचं काही बोलला नाहीत. सरळ म्हणालात, "नाटकातून बाबांचं वाक्य काढ."

"कुठलं?"

"नावाचं. ते बाबांनी नाही सांगितलं. बाबा गप्प उभे होते. आई आत होती. त्या सैनिकाने मलाच विचारलं. खाली वाकून, गोड आवाजात. माझं इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं शाळेत. मला दाखवायचं होतं ग की मला येतं. मी म्हटलं, 'हर नेम इज मंगल, सर.'" थोडा वेळ तुम्ही श्वास घेतलात. "सर पण म्हटलं."

मी वरच्या बोर्डकडे बघत राहिले.

"ती ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'न्योता, आत जा.' माझं माहेरचं नाव तारा. ती कामाला लागली त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, तारा म्हणजे काय. मी आकाशात बोट दाखवलं. आम्ही दोघी बोलायचो त्या स्वाहिलीत, न्योता. मग मला कायम न्योताच म्हणाली. तिने माझ्या नावाचा अर्थ विचारला, आणि आम्ही..."

ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत. मग म्हणालात, "तिचं नाव मिळेल का ग कुठे? तू शिकलेली आहेस. तुम्हा मुलांना कॉम्प्युटरवर सगळं मिळतं."

मावशी, त्या वेळी मी काय केलं ते मला इथे लिहायलाच हवं. मी खिशातून फोन काढला आणि बसची वेळ बघितली. "अकरा मिनिटांत आहे," मी म्हटलं.

"जा, जा. चुकेल," तुम्ही म्हणालात.

"रविवारी येते."

रविवारी मी आले नाही. असाइनमेंट आहे असा मेसेज मी संजयदादांना केला होता. असाइनमेंट शुक्रवारीच देऊन झाली होती. खरं सांगायचं तर मला तुमच्यातली ती सात वर्षांची मुलगी दिसत नव्हती. मला कणकेचे हातच दिसत होते. तुमचं दुःख ऐकून घ्यायचं आणि वर तुम्हाला बरं वाटेल असं बोलायचं, हे काम माझंच का, असा राग होता. सोमवारी सकाळी अंकलचा फोन आला. ते म्हणाले, "आपली स्वाहिली गेली." मी विचारलं, कुणी होतं का जवळ? संजयदादा दूर दक्षिणेतल्या ब्रॅकनेलहून निघाले होते. पोचले नव्हते.

*

क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट होता. आपण आत होतो तेव्हाच पुढच्या कुटुंबाची फुलं बाहेर आणून ठेवलेली दिसत होती. गटातले अकरा जण आले होते, मागच्या दोन रांगांत. त्यांना तुमचं एक गाणं म्हणायचं होतं. संजयदादा माझ्याकडे येऊन त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "सॉरी, प्रोग्रॅम सगळा फिक्स झाला आहे. गाणीला जागा नाही." ते वाईट नाहीत, मावशी. त्यांना फक्त सगळं वेळेत व्हायला हवं होतं. तेव्हा ते गाणं झालं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना विचारलं, "दादा, मावशींचं माहेरचं नाव माहीत आहे तुम्हाला?"

"मेडन नेम? सरनेम म्हणते?"

"नाही, पहिलं."

"वसुधा. आईचा नाव वसुधाच होता."

"लग्नाआधी तारा होतं."

ते हातातल्या कार्यक्रमाच्या कागदाकडे बघत राहिले, छपाईची चूक राहिली असावी तसे. वर तुमचा फोटो, खाली वसुधा. "तारा," ते म्हणाले. मग परत एकदा. "मला कधीच नाही सांगितला. फिफ्टी वन इयर्स." त्यांनी कागद घडी करून कोटाच्या आत ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही.

तुम्ही शोधायला सांगितलेलं नाव मी शोधलं. खरंच शोधलं, पण तुम्ही गेल्यावर. लायब्ररीत बसले. दोन ठिकाणी जुन्या सरकारी कागदांसाठी ईमेल केले. एकीकडून उत्तर आलं, चांगल्या शब्दांत, की शोध घेण्यासाठी सोबतचा फॉर्म भरावा. फॉर्मच्या पहिल्या रकान्यात व्यक्तीचं नाव विचारलं होतं. तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता.

मग मी वांबुई आँटींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, सैनिकाने तुम्हालाच विचारलं तेही. त्या कांदा चिरत होत्या. चिरत राहिल्या.

"माझ्या आत्यालाही ट्रकने नेलं," त्या म्हणाल्या. "ती चार वर्षांनी आली. नंतर कुणाशी बोलली नाही. तुझ्या मावशीचं मला वाईट वाटतं. पण तुला वाटतंय तितकं मला वाटावं, असं मला सांगू नकोस."

"मी ते सांगायला नाही आले. ती आया कोण असेल, एवढंच."

"न्येरीकडची एक बाई. पासावर तिचं नाव होतं, तिने ते तोंडाने सांगितलंही. तिच्या बाजूने काही राहिलं नव्हतं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी काय शोधू?"

मी निघाले. नाटकातलं वाक्य बदलून ठेवलं. अंगाईगीतही काढून टाकलं. तुमच्या जागी दुसरं कुणी उभं करायला अंकल तयार नव्हते, आणि मलाही ते नको होतं.

*

काल हॉल भरलेला होता. मी दारात टोपली घेऊन उभी. माझ्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर वसुधा, एकीवर तारा. वसुधा या नावाने तुम्ही लीड्समध्ये सगळं आयुष्य काढलंत. या नावाने मी तुम्हाला ओळखलं, या नावाशी भांडले. पण नियम एकच होता. संजयदादा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, एकटे, आणि चिठ्ठी लिहायला पेन मागितलं. त्यांनी विचारलं, "तारा देवनागरीमध्ये कसा लिहितात?" मग मी खिशातली चिठ्ठी त्यांना दाखवली, आणि त्यांनी ती बघून बघून उतरवली. मग तारा लिहिलेली माझी चिठ्ठीही मी टोपलीत टाकली.

म्हणून काल तुमचं नाव दोनदा वाचलं गेलं. अंकल देवनागरी वाचू शकत नाहीत, म्हणून त्यांनी मला पुढे बोलावलं. मी पोटातून बोलायचं ठरवलं होतं. आवाज घशातूनच आला. तरी मागच्या रांगेपर्यंत पोचला असावा, कारण सगळे म्हणाले, आशे.

मंगल नावाची चिठ्ठी नव्हती.

नाटकात त्या छोट्या मुलीचं काम अंकलची नात करते. तिलाही नुकतीच सात पूर्ण झाली. सैनिक झालेला माणूस खाली वाकला आणि त्याने गोड आवाजात विचारलं. ती टाचा जुळवून उभी राहिली, शाळेत राहतात तशी, आणि म्हणाली, "हर नेम इज मंगल, सर." तिला ते वाक्य फार आवडतं. तालमीत ती ते हसत म्हणायची, आणि कुणी तिला हसू नकोस म्हणून सांगितलं नव्हतं. ट्रक गेला. स्टेजवर पोळपाट, त्यावर अर्धी लाटलेली पोळी, आणि दिवे. संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना.

तेव्हा वांबुई आँटी उठल्या. पुढे गेल्या. अंकलच्या पायाशी पाण्याचा जग होता तो उचलला, अंकलना न विचारता. इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे आजीचं नाव नातीला जातं. म्हणून आमच्या बायकांची नावं थोडी आहेत आणि फिरून फिरून येतात. पहिली नऊ कुळं नऊ बहिणींची, त्यांचीच ही नावं. या बाईचं नाव मला माहीत नाही. मी नऊही घेते. यातलं एखादं असेल. नसेलही."

मग त्यांनी सुरुवात केली. वांजिरू. पाणी. आशे. वांजिकू. पाणी. आशे. न्यांबुरा, वाइरिमू, वांगारी. प्रत्येक नावानंतर त्या थांबायच्या, कुणी ओ देतंय का ते ऐकायला थांबावं तशा. वांबुई म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, कारण ते त्यांचंही आहे. नवव्या नावाला जग रिकामा झाला आणि कुंडीतून पाणी फरशीवर आलं. केअरटेकर दारात उभा होता. तो मॉप आणायला गेला.

जाताना वांबुई आँटी मला म्हणाल्या, "हे तुझ्या मावशीसाठी केलं नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे.

*

आता राहिलेलं.

माझी आई कोथरूडला नोकरी करते म्हणजे चार घरी कामाला जाते, मावशी. धुणी, भांडी, दोन घरी पोळ्या. आमची पर्वतीची बाजू म्हणजे टेकडीच्या उतारावरची वस्ती, एक खोली. आईचं नाव इंदुमती आहे. पहिल्या घरात सुनेचं नाव इंदू होतं, म्हणून त्यांनी हिला छाया म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव बाकीच्या घरांत गेलं. त्या घरांतली मुलं तिला मावशी म्हणतात, मी तुम्हाला म्हणायचे तसंच. आज सकाळी मी तिला फोन करून विचारलं, तुला कधी खरं नाव सांगावंसं वाटलं नाही?

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "भांडी काय ग, छायाने घासली काय नि इंदूने घासली काय." मग म्हणाली, "का? कुणी काही बोललं का तुला तिथे?"

बसस्टॉपवर मी तुमच्याशी बोलत होते तेव्हा मंगलबद्दल बोलत नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी नीट उत्तर दिलं असतं, तर तुम्ही चपापला असतात, मग मला आणखी मोगो वाढला असतात, आणि भांडण निदान खऱ्या गोष्टीवरून झालं असतं. तुम्ही तुमची गोष्ट मला सांगितलीत. तुम्हाला सांगायला माझ्याकडेही एक होती.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते हे नाही. हॉस्पिटलात तुम्ही "सर पण म्हटलं" म्हणालात, तेव्हा माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. त्याने तुम्ही वाचला नसतात. मंगलचं नाव मिळालं नसतं. ट्रकही थांबला नसता, कदाचित तुम्ही काहीही म्हटलं असतंत तरी थांबला नसता. मी ते वाक्य गिळलं आणि फोन काढला.

तुम्ही सात वर्षांच्या होतात, मावशी.

एवढंच होतं. आणि बसला अकरा मिनिटं होती.